माइकवरची हाक

मेंदूचं स्कॅन करणाऱ्या डॉक्टर संपदांच्या पत्राला मी पाच महिने उत्तर दिलं नव्हतं. ‘नवं यंत्र मेंदूतले अगदी क्षीण संकेतही टिपतं. सुनीतीताईंना पुन्हा आणाल का?’ पक्षाघातापासून माझी बायको निश्चल पडून आहे. मागच्या स्कॅनला त्यांनी मला माइकवर तिचं नाव पुकारायला लावलं, आणि तिच्या मेंदूत काहीच उमटलं नाही. पुन्हा तेच ऐकायचा मला धीर नव्हता.

काल तिच्या उशाशीच आमचा अंशुमन म्हणाला, “बाबा, आईला बिल्कुल काही कळत नाही. फरीदाबादच्या नर्सिंग होममध्ये ठेवू या ना, यार.”

“तिच्यासमोर असं बोलतोस?” मुलावर मी पहिल्यांदाच ओरडलो.

“रिपोर्ट वाचलात ना तुम्ही?”

आज सकाळी इथल्या, दिल्लीच्या गोल डाकखान्यात जाऊन उत्तर टाकलं. ‘मॅडम, पुढच्या सोमवारी तिला आणतो. यंत्र तुमचं तेव्हाही चांगलंच असेल. पण घरी तिला हाक कशी मारता, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही निमूटपणे कागदावरचं नाव वाचलं. सत्तेचाळीस वर्षांत मी तिला नावानं कधीच हाक मारलेली नाही. या वेळी मला “अगं, ऐकलंस का” म्हणू द्या.’