आडवा लिंब

देवानंदनं पुन्हा दोरी ओढली. करवत नुसती खरखरली आणि गप्प झाली.

रात्रीच्या वावटळीत केदारखेड्याच्या फाट्यावरचा जुना लिंब मुळासकट उपटून भोकरदनच्या रस्त्यावर आडवा झाला होता. अलीकडे जालन्याची एसटी उभी, पलीकडे बैलगाड्यांची रांग. बांधकाम खात्यानं नवीच आणलेली पेट्रोलची करवत सकाळी जीपमधून आली. ती चालवायला शिकलेला माणूस खात्यात एकच होता, देवानंद. आणि केदारखेडा त्याची सासुरवाडी. भिवाचा जावई मशीन घेऊन आला म्हणून बौद्धवाड्यातल्या बाया कामं टाकून रस्त्याला आल्या होत्या.

भिवा, त्याचा सासरा, रस्त्याच्या गँगमध्ये मजूर होता. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं काम देवानंदनं त्यालाच दिलं होतं, माप दाखवून, नीट समजावून. भिवानंही ते मोठ्या हौसेनं केलं होतं. थेंब सांडू दिला नव्हता.

देवानंदनं पान्यानं प्लग खोलला. ओला होता. फडक्यानं पुसला, फुंकला, परत बसवला. चोक ओढून पाहिला, सोडून पाहिला. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. एसटीतले लोक खाली उतरून बघायला लागले.

गावातला मोठा शेतकरी बद्रीनाथ लिंबाच्या खोडावरच बसला होता. आवाज न चढवता तो म्हणाला, "कुऱ्हाडी मागवा रे. ह्यांच्यानं न्हाई व्हायचं."

'ह्यांच्यानं' म्हणताना त्यानं मशीनकडे पाहिलं नव्हतं.

देवानंदनं दोरी सोडली. त्यानं पेट्रोलचा कॅन उचलून नाकाशी धरला आणि तो सासऱ्याकडे वळला.

"ऑइल किती ओतलंस? माप दाखवलं होतं ना तुला? अक्कल नाही तर हात कशाला लावतोस?"

जावयानं सासऱ्याला अरेतुरे केलेलं सगळ्यांनी ऐकलं. एसटीच्या ड्रायव्हरनं मान दुसरीकडे वळवली. भिवा उठून उभा राहिला होता. हातातल्या फडक्याची त्यानं घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"बराबर मापानंच टाकलं व्हतं," एवढंच तो बोलला.

टाकी रिकामी करायला देवानंदनं मशीन कलती केली. तिची मूठ धरताना अंगठा इंजिन चालू-बंद करायच्या बटणावर गेला. बटण बंद होतं. सकाळी मशीन जीपमध्ये चढवताना त्यानंच ते बंद केलं होतं, आणि इथं आल्यावर, एवढी माणसं बघून, चालू करायचं राहून गेलं होतं.

त्यानं मान वर केली नाही. टाकीतलं पेट्रोल रस्त्यावर ओतलं. अगदी चांगलं, मापाचं पेट्रोल. ते धुळीत जिरलं. मग त्यानं स्वतःच्या हातानं नवं मिश्रण केलं, लोकांना दिसेल असं माप वर धरून. टाकी भरली. प्लग उगीचच आणखी एकदा पुसला. शेवटी मशीनवर वाकून, पाठ लोकांकडे करून, त्यानं बटण वर सारलं.

मान उचलली तेव्हा समोर भिवा होता. तो त्याच्या अंगठ्याकडे बघत होता.

दोरीला नुसता हिसका दिला आणि करवत धडधडायला लागली. गाव मागं सरकलं. बद्रीनाथ खोडावरून उठून बाजूला झाला. पहिली मोठी फांदी तुटून पडली तशी मशीन निवायला ठेवावी लागली, तेव्हा तो जवळ आला. पोरगा हुशार आहे, म्हाताऱ्यानं घोळ घातला म्हणून खोळंबा झाला, असं तो चारचौघांत म्हणाला. भिवानं मान हलवली आणि तो तुटलेली फांदी ओढायला लागला.

तेवढ्यात देवानंदची बायको प्रभावती पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाळंतपणाला ती माहेरी आलेली, दिवस भरत आले होते. वाटेतच तिला कुणीतरी सगळं सांगितलं असावं. तांब्या तिनं नवऱ्याच्या हातात दिला आणि ती बापाकडे गेली.

"आबा, खरंच तुमच्या हातून बिघडलं?"

भिवानं फांदी खाली ठेवली. देवानंदच्या तोंडातला घोट तोंडातच राहिला.

"हां, पोरी. तेल जास्ती पडलं माझ्या हातून. ह्यांनी सांभाळून घेतलं म्हणून. न्हाई तं गावात हसं झालं असतं."

प्रभावतीनं नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आणि बापाला काय काय ऐकून घ्यावं लागलं तेही तिला कळलेलं होतं. मग ती बापालाच म्हणाली, "रागात बोलले असतील ते. मनावर घेऊ नका, आबा."

"मी कशाला घेतो," भिवा म्हणाला.

देवानंदनं तांब्या खाली ठेवला. बोलायला तोंड उघडलं, तर बद्रीनाथ तिथंच उभा. एसटीचा ड्रायव्हर, गँगची माणसं, बाया, सगळे तिथंच. त्यानं मशीन उचलली आणि दोरी ओढली. करवत गरजली. पातं त्यानं लिंबाच्या बुंध्याला लावलं, तसा पांढरा भुसा उडायला लागला.

"मामा, बटण बंद होतं," तो म्हणाला. "माझ्याच हातून."

त्याचं त्यालासुद्धा ऐकू आलं नाही. भिवाला नुसते ओठ हललेले दिसले. त्यानं लेकीला दंडाला धरून भुशातून मागं घेतलं आणि जावयाला लांबूनच हात केला, कापा म्हणून.