हरल्यावरचा प्रश्न

आई पुन्हा खड्ड्यात पडली. म्हणजे पडद्यावरची तिची छत्रीवाली बाहुली पडली, पण मुलाच्या कपाळावर आठी चढली ती आईकडे बघून.

तरी नियम म्हणजे नियम. खेळाडू हरला की संशोधकाने खुर्ची जवळ ओढायची, "आत्ता कसं वाटलं?" असं विचारायचं आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही. जिंकला तर काहीच विचारायचं नाही, पुढचा टप्पा आपोआप सुरू होतो. माणसं हरूनही खेळत का राहतात, हा मुलाच्या पीएचडीचा विषय. साठीच्या पुढचे खेळाडू कमी पडले, तेव्हा साहेबांना आईची आठवण झाली. एकाच घरात राहत असल्यामुळे शोधायला वणवण करावी लागली नाही.

"आत्ता कसं वाटलं?" त्याने विचारलं.

आई सावरून बसली. "बरं वाटलं रे. पडले ना, तेव्हा तुझे बाबा आठवले. तेही कधी खाली बघून चालायचे नाहीत."

मग बाबांच्या चपला निघाल्या, मग तिचा गुडघा, मग दुपारी घर कसं खायला उठतं ते. मुलगा नियमाप्रमाणे ऐकत होता. एरवी घरात तिचं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत त्याचा फोन वाजतो, नाही वाजला तर तो वाजल्यासारखं करतो. इथे मात्र तो मान डोलवत होता आणि 'निराशा' या रकान्यात काय भरावं, ते त्याला कळत नव्हतं.

आठवडाभर हेच चाललं. बाकीचे म्हातारे कुठल्या कुठे पोचले, आई पहिल्याच खड्ड्यात. प्रबंधाची मुदत तोंडावर आलेली. शेवटी तो रेकॉर्डिंग घेऊन मार्गदर्शक मॅडमकडे गेला.

"आईला जमतच नाही. वगळू का तिला?"

मॅडमनी सगळं पाहिलं. "मध्ये तू कुठे गेला होतास?"

"फोन आला होता. बाहेर होतो."

"तेवढ्यात त्या सगळे खड्डे ओलांडून थेट खेळातल्या शेवटच्या दारापर्यंत गेल्या. तू आत आलास, तशा मागे फिरल्या आणि पहिल्या खड्ड्यात उडी टाकली. मुद्दाम हरतात त्या. तू विचारावंस म्हणून."

मुलाला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मग तो म्हणाला, "म्हणजे चूक माझ्या पद्धतीतच आहे."

ती त्याने लगेच सुधारली. आता कुणी हरलं की प्रश्न पडद्यावरच उमटतो. खाली हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांग येते, खेळाडूने त्यातल्या एकावर बोट ठेवायचं. संशोधक शेजारच्या खोलीत बसतो.

आईला त्याने पुन्हा खेळायला बसवलं. ती पहिल्या खड्ड्यात पडली. पडद्यावरचा प्रश्न तिने वाचला, शेजारी पाहिलं आणि एका चेहऱ्यावर बोट ठेवलं.

त्यानंतर ती एकदाही हरली नाही.