चिमूटभर भंडारा

बिरूनं कागदाची पुडी सोडली आणि ओसरीच्या पायरीवर ठेवली. आत चिमूटभर भंडारा होता.

"घ्या आबा. ज्यानं आण घालून उचलाय लावला त्यानंच परत घ्यायचा असतो. हातात घ्या आन म्हना, बिरू सुटला. मग मी मोकळा."

मानसिंगराव खुर्चीतच मागं सरकले. बावड्यात त्यांना आता आबा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, सगळे जजसाहेब म्हणत. आबा हे पुढारी होते तेव्हाचं नाव. पुढं त्यांनी राजकारण सोडलं, वकिली होतीच, परीक्षा दिली, जिल्हा न्यायाधीश झाले. रजेवर घरी आले तरी गेटाबाहेर पडत नसत. न्यायाधीशानं माणसांत फार मिसळू नये असं म्हणतात, आणि हे म्हणणं त्यांना मनापासून पटलेलं होतं.

"बिरू, एकोणीस वर्षं झाली त्याला."

"व्हय. सिद्धू जाऊन बी तेवढीच झाली."

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी विनयाताई ते नाव ऐकून दारातच थांबल्या. मग कप बिरूच्या हातात देऊन आत गेल्या. त्यानं तो तसाच खाली ठेवला.

"त्याच्या सरूबाईचं काय खरं न्हाय आता. बारामतीचा डाक्टर म्हनला, घरी न्या. ती रोज मला इचारती. पाटकरी तू, पाटाच्या गेटाची चावी तुज्याकडं, त्या दिवशी पाळी आमची न्हवती, मग पानी सोडलंस कुणाच्या सांगण्यावरनं? माझा माणूस पाटाखालच्या मोरीत उतरून गवत काढत हुता. बास, एवढंच इचारती. मी खाली बघतो."

"सांग तिला, चुकून सुटलं म्हणून."

"गप ऱ्हायाची आण घातलीया तुमी. खोटं बोलायची न्हाय."

पाटाला पाणी होतं. शेतापलीकडून त्याचा आवाज येत होता. एरवी तो एकसारखा असतो, मोरीपाशी मात्र घशात काही अडकल्यासारखा होतो. बदली होऊन कुठंही गेले, तरी चेंबरमधला नळ गळत नाही ना, हे मानसिंगराव आधी बघत. शिपायांना वाटे, साहेब फार टापटिपीचे.

"अरे, ही नुसती हळद आहे," ते म्हणाले. "हळदीला कायदा नसतो."

"मग तुमच्या कोर्टात साक्षीदार काय उचलतो?"

काही उचलत नाही. देवाचं नाव घेतो आणि बहुतेक वेळा खोटं बोलतो. इतकी वर्षं ऐकून ऐकून मानसिंगरावांना ते पाठ झालं होतं. आणि हा गडी. ना वकील, ना पोलीस, ना समन्स. नोकरी गेली, गावानं तोंडावर शिव्या घातल्या, तरी याचं तोंड उघडलं नाही. असा साक्षीदार त्यांच्यासमोर कधी उभा राहिला नव्हता.

"त्या इलेक्शनला तुमी अख्ख्या वस्तीला भंडारा उचलाय लावला, मतापायी," बिरू म्हणाला. "निम्मी फुटली. येडा मी येकटाच. सिद्धूला पान्यातनं काढला त्या दिवशी मला परत उचलाय लावला. मी दोन्ही आणा पाळल्या."

"मी हे हातात घेतलं, तर तू तिला काय सांगशील?"

"झालं ते. आबांचा निरोप आला, मतदानाच्या आत टेलच्या, पार शेवटच्या गावांस्नी पानी पोचलं पायजे. मोरीत कोन हाय का बघ, असं तुमी म्हनला न्हाईत. आन मी बी बघितलं न्हाय. दोघांचं सांगीन."

मानसिंगरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दीड वर्षानं मी निवृत्त होतोय. तेव्हा ये. तेव्हा घेतो."

तारीख देऊन झाल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"सरूबाईला येवढ्या लांबची तारीख झेपायची न्हाय, आबा."

"बिऱ्या, आरं, माझं सगळं जाईल की रं!" कोर्टातली मराठी गळून पडली. "बायकापोरांत तोंड दावायचं हाय मला!"

ते वाकले. पिवळं बोटाला लागणार नाही अशा बेतानं त्यांनी कागद चारी बाजूंनी मिटला आणि पुडी नखानं बिरूकडं सरकवली.

तेवढ्यात विनयाताई बाहेर आल्या. "अहो, गेटाशी मघापासून रिक्षा उभी आहे. आत कुणी म्हातारी दिसतेय. त्यांना पाणी देऊ का?"

बिरूनं पुडी खिशात घातली.

"सरूबाई हाय ती. म्हनली, बिरू, तोंड तुजं बांधलंय, माझं डोळं न्हाय. त्या वक्ताला जे जे पुढारी हुते त्यांच्या दारात जा, पुडी ठिव, आन हेच म्हन. ज्याचा संबंध न्हाय तो हसंल आन घेईल. सकाळधरनं दोन घरं झाली. दोघांनी बी घेतली. येकानं तर कपाळाला लावली." तो उठला. "मला वाटलं, तुमी बी घ्याल. मग मीच सांगितलं असतं, नीट."

गेट उघडंच होतं. रिक्षातून ओसरी स्वच्छ दिसत असणार. सरूबाईचे दोन वाळके हात बाहेर आले आणि जुळले. निकाल ऐकल्यावर माणसं जोडतात, तसे. जिंकलेला जोडतो, हरलेलाही जोडतो.

मानसिंगरावांनी सवयीनं मान लववली.