सव्वाचार खिळे

फळीवर उभ्या-आडव्या ओळींत ठोकलेल्या खिळ्यांना नात रबर अडकवायची. आजोबा त्या आकाराचं क्षेत्रफळ काढून, कडेवरचे खिळे बघून, एका सूत्राने आत किती खिळे आहेत ते न मोजताच सांगायचे. हरेल त्याने गॅलरीत जाऊन कोंबड्यासारखं आरवायचं. आरवून आरवून नातीचा घसा बसला.

मग तिने रबराचा एक कोपरा खिळ्याला न अडकवता बोटानेच दोन खिळ्यांच्या मधे ताणून धरला. "आता सांगा!"

आजोबा बराच वेळ पुटपुटले. "आत... सव्वाचार खिळे?"

"दाखवा की तो पाव खिळा!"

आजोबा गॅलरीत जाऊन आरवायला लागले ते थांबेचनात. आजी धावत आली. "अहो, एकदाच हरलात ना? मग पुरे की!"

"हरल्याचं एकदाच आरवलो गं. बाकीचं सगळं, पोरीने माझं सूत्र अडवलं त्याच्या आनंदाचं!"