निळशेपटीला वाचवा

तिसऱ्याही खोक्यात घरटंच निघालं.

बुटांचं खोकं, आत कापूस, कापसात घरटं. रानकाकांनी त्यातलं एक अंडं बोटाच्या टोकानं चाचपलं. गार होतं.

“आईपण आणलीये,” खोकंवाली मुलगी म्हणाली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. “ती एकटी मागे राहून काय करणार? तुम्हीच रेडिओवर सांगितलं ना, ती अंड्यांवरून उठत नाही म्हणून? खरंच नाही उठली! मग मी चिकटपट्टी लावली, सगळीकडून. आता गाढ झोपलीये.”

पहिल्या दोन खोक्यांतल्या आयाही अशाच गाढ झोपल्या होत्या. रानकाकांनी झाकण हळूच लावून टाकलं.

दर रविवारी सकाळी ते रेडिओवर मुलांना पशुपक्ष्यांच्या गोष्टी सांगत. मुलं त्यांचा शब्द खाली पडू देत नसत. आपलं मात्र एक अक्षर ऐकत नाहीत, ही आईबापांची तक्रार होती. मागच्या रविवारी त्यांनी निळशेपटीची गोष्ट सांगितली. एवढासा पक्षी, शेपटी दौतीत बुडवून काढल्यासारखी, आणि जगात फक्त याच शहरात राहणारा. रानकाकांनी उभं आयुष्य त्याच्यापायी घालवलं होतं. दुर्बीण लावून लावून मान कायमची अवघडली, आणि हाती लागली ती दोन घरटी. “मांजरं टपलीत, कावळे टपलेत,” ते म्हणाले होते. “दोस्तांनो, निळशेपटीला आता तुम्हीच वाचवा!” हे शेवटचं वाक्य काही लिहून आणलेलं नव्हतं.

दोस्तांनी मनावर घेतलं.

“तुला कुठे मिळालं, बाळा?”

“आमच्या गॅलरीत. फुटक्या बादलीत.”

“माझं पत्रपेटीत होतं,” रांगेतला तिच्यामागचा मुलगा म्हणाला. “मी रात्री फ्रीजमध्ये ठेवणार होतो, खराब होऊ नये म्हणून. पण आई ओरडली. तिला ना, प्राण्यांचं प्रेमच नाही.”

आणखी एकाचं जुन्या हेल्मेटमध्ये होतं. रानकाका जन्मभर झाडांचे शेंडे न्याहाळत हिंडले होते. निळशेपटी माणसांच्या गुडघ्याइतक्या उंचीवर सुखानं संसार करत होती. वाकून बघायचं कुणा मोठ्या माणसाला सुचलं नव्हतं.

“वाचली ना हो काका आता ती?” मुलीनं विचारलं.

रानकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. रांग रेडिओ केंद्राच्या फाटकातून बाहेर पडून पार चौकापर्यंत गेली होती. प्रत्येकानं छातीशी एकेक खोकं धरलं होतं.

तेवढ्यात कार्यक्रमाचा निर्माता दोन खोकी काखेत मारून आत आला. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

“काका, मानलं तुम्हाला! एवढा प्रतिसाद तर लॉटरीच्या निकालालाही येत नाही. पण एक बोलू? रागावू नका हं. तुम्ही म्हणालात, पक्षी संपत आला, दोनच घरटी उरलीत. आणि इथे बघा, खोकी ठेवायला जागा नाही! म्हणजे तुमची माहिती साफ चुकली की हो.”

रानकाकांनी त्याच्या काखेतली खोकी काढून टेबलावर ठेवली.

“चुकली होती,” ते म्हणाले. “आता बरोबर आहे.”