तळघराचा वास

द्रौपदाबाई तळघरात उतरल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी नाकाला पदर लावला नाही. मधोमध उभं राहून जोरात श्वास घेतला. मग भिंतीवर तळहात टेकवून पाहिला. कोरडा.

"माय वं! वास गया की," त्या म्हणाल्या.

त्यांची धाकटी सून, सारिका, कोपऱ्यात उभी होती. हात तिने पाठीमागे धरले होते, कारण चुन्याने बोटं सोलली होती. पण चेहरा लपवायचं काही तिला सुचलं नाही. लहान पोरीसारखी हसत होती.

देवपुरातल्या या बंगल्यात वर खोल्या काही कमी नाहीत. तरी स्वप्नील कोर्टात लग्न करून तिला घेऊन आला, तेव्हा दोघांना तळघर मिळालं. उन्हाळ्यात खाली गारवा असतो हो, असं म्हणून. धुळ्याच्या उन्हाळ्यात असतोही. पण पावसाळा लागला, भिंतींना लोणा फुटला, गाद्यांना बुरशी आली आणि घरभर एकच सुरू झालं, वास येतो. सारिका चहा घेऊन वर गेली की वास येतो. देव्हाऱ्यापुढून गेली की वास येतो. तिने रोज डोकं धुतलं, साड्यांच्या घड्यांत कापूर ठेवला, तरी येतोच. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, "तळघरना वास काढ. मंग तुनी मूठ देखसू."

मूठ म्हणजे कानबाईची. श्रावणात ही खानदेशी देवी घरोघर बसते, तेव्हा घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकतात. त्याच गव्हाचे रोट होतात आणि ते घरच्यांनीच खायचे, परक्याला कण द्यायचा नाही. या घरात सुनांचीही मूठ घेतात. थोरल्या मृणालीची लग्नाच्या पहिल्याच श्रावणात घेतली होती. सारिकाच्या माहेरी देव्हारा नाही, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. तिला कानबाईचं काय! तिला ती मूठ हवी होती. आपलं नाव सुपात पडलं की आपण या घरच्या, असं तिने मनाशी धरलं होतं. आणि वास ओलीचा आहे म्हटल्यावर ओल घालवली की जाईल, हेही.

मग बाई अशी भिडली म्हणता! गच्चीचं पाणी भिंतीच्या मुळाशी पडत होतं, ते पाइप लावून गटारीत सोडलं. लोणा खरवडून काढला. घमेल्यांत कळीचा चुना भरून कोपऱ्यांत ठेवला. तो ओल पिऊन फुगायचा, त्याचा भुगा व्हायचा, की ती हातानेच उपसून नवा भरायची. कोळसा ठेवला, पंखा लावला, कडुनिंबाचा धूर केला. धुराने स्वप्नीलला खोकला येतो म्हणून तो वरच्या खोलीत झोपायला गेला. ती खालीच राहिली.

आज भिंती खणखणीत वाळल्या होत्या. माहेरून आणलेला फोटो इतके दिवस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता, तोही तिने सकाळी खिळ्याला लावला होता. द्रौपदाबाईंनी तो पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली.

"आई, मग माझी मूठ?"

"वर ये. आतेच लेतस."

वर हॉलमध्ये सूप मांडलं होतं. पितांबरनानांची, म्हणजे सासऱ्यांची, मूठ पडली. थोरल्या लेकाची पडली, मृणालीची पडली. "मना स्वप्नील," म्हणत द्रौपदाबाईंनी त्याचीही टाकली. मग हात पदराला पुसले आणि सूप उचललं.

"आई, माझी राहिली," सारिका म्हणाली. "वास गेला ना आता?"

"गया ना. बेस झायं," द्रौपदाबाई म्हणाल्या, अगदी मायेने. "पिंपळनेरना बठ्ठा भाऊबंद येतीन, त्यास्नी निजानी सोय व्हयनी. तू वरणगावले जाय, माहेरले. रोट सरनात की ये. आन तो फोटो लई जाय. पाव्हणास्ना उशाशी नको."

सारिकाने नवऱ्याकडे पाहिलं. स्वप्नील दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होता. त्याचे हात थांबले नाहीत.

"जाऊन ये ना," तो म्हणाला. "उगाच सणासुदीला वाद कशाला?"

शाबास रे पठ्ठ्या! त्याचे गहू सुपात पडले होते.

सारिकाला रडू आलं, पण ते तिने वर कुणाला दाखवलं नाही. खाली येऊन फोटो उतरवला, साडीत गुंडाळून पिशवीत ठेवला. फाटकापर्यंत सोडायलाही कुणी आलं नाही. फाटकाशेजारी, जमिनीलगत, तळघराची खिडकी आहे. वारा खेळावा म्हणून तिनेच ती उघडी ठेवली होती. चप्पल नीट करायला ती वाकली, तर आतून सासूबाईंचा आवाज आला.

"मृणाली, गोमूत्र लई ये वं. चारी कोपरास्मा शिंपड."

"पण आई, आता कुठे वास येतोय?"

"तुले नही येत. माले येस."

सारिका रिक्षात बसली. रिक्षा पांझरेच्या पुलावर आली तेव्हा तिने आपली सोललेली बोटं नाकाशी नेली आणि हुंगून पाहिली.