शेकडा साठ

डेप्युटीसाहेबांनी डोकी दुसऱ्यांदा मोजली. चोवीस. पटावर चाळीस. म्हणजे हजेरी शेकडा साठ, एक पोरगी कमी नाही की जास्त नाही. गेल्या तपासणीत त्यांनीच बजावलं होतं, साठच्या खाली गेलात तर मुलींची ही शाळा बंद. आणि ऐन कापूसवेचणीत इतका नेमका आकडा? कुठंतरी पाणी मुरत होतं.

शेवटच्या ओळीत एक जण डोईवर पदर ओढून बसली होती. वय अठरा-एकोणीस.

"तू ऊठ. नाव?"

"मंजुळा."

"सातवीत?"

मंजुळानं शिकवणाऱ्या कुंदाबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. मंजुळा गावातली सून. रोज नणंदेला शाळेत सोडायची आणि दाराशीच ऐकत बसायची. आज बाईंनीच तिला हात धरून आत बसवलं होतं.

साहेबांनी खडू पुढे केला. "पट चाळीस. बसल्यात चोवीस. त्यातली एक पटावरची नाही. तर खरी हजेरी शेकडा किती?"

चुकली तर चोरी पकडली जाणार, बरोबर आलं तर तिच्याच हातानं शाळा बुडणार. इकडे आड, तिकडे विहीर. पण गणित समोर आलं की मंजुळाला राहवत नसे. तिनं फळ्यावर मांडलं, तेवीस भागिले चाळीस, गुणिले शंभर. साडेसत्तावन्न.

"ती एक मीच शे," ती म्हणाली.

साहेबांनी पेन उघडलं. संशय खरा ठरला की माणसाला बरं वाटतंच.

"सायेब, मनं नाव आजच पटवर लिखा ना."

"लिहिलं तरी एक्केचाळीसात चोवीस. साठ भरत नाहीत."

"मंग कितल्या लागतीन, ते काढस."

नव्या बायांना तिनं क्ष धरलं. हजेरीत क्ष वाढल्या, पटावरही तितक्याच वाढल्या. तेवीस अधिक क्ष एका अंगाला, चाळीस अधिक क्ष यांचे साठ टक्के दुसऱ्या अंगाला. मध्येच खडू तुटला. तिनं खाली वाकून तुकडा उचलला आणि पुढे लिहिलं, चाळीस क्ष बरोबर शंभर.

"अडीच."

साहेब मोठ्यानं हसले. "अडीच बाया! अर्धी कुठून आणशील?"

मंजुळानं जाऊन दार उघडलं. विहिरीवरून परतणाऱ्या दोघी शेजारणी बाहेर कान देऊन उभ्याच होत्या.

"झुंबर, शेवंता, मझार या वं."

हंडे ओट्यावर टेकवून दोघी आत आल्या आणि पोरींच्या ओळीत मांडी घालून बसल्या.

"तीन लिखा, सायेब," मंजुळा म्हणाली. "आमनामा अर्धी कोनीच नही शे."